माझं मत वाघमाशाला

९ जानेवारी

आज तलाव समितीच्या बैठकीत वाघमाशाचा विषय निघाला आणि धाकट्या दिराचा चेहरा पडला. मी बरोबर समोर बसले होते. डोळे भरून पाहिला!

विषय काढला टोपीवाल्यांनी. वरच्या तळ्याकाठचं हॉटेल त्यांचं. घरात असोत की उन्हात, डोक्यावरची गळवाल्यांची टोपी काही उतरत नाही. त्यांचं म्हणणं, दोन्ही तळ्यांत वाघमासे सोडायचे. मोठा, दातांचा, गळाला लागला की झुंजणारा मासा. लांबलांबचे हौशी लोक तो धरायला येतात, धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. खोल्या भरतील, होड्या फिरतील, सगळ्यांचं भलं होईल.

धाकटा उठला. तो खालच्या तळ्यावरच्या मच्छीमार सोसायटीतर्फे समितीवर आहे. म्हणाला, हा शिकारी मासा आहे, एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही. आमच्या तळ्यातली बारीक मासळी हा फस्त करील आणि आमच्या चुली त्या मासळीवर पेटतात. 

मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. समितीत मासे वाढवणारी मी एकटीच, माशांचं काही निघालं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार कसला करायचाय! त्याचा चेहरा पडला तेव्हाच माझं मत ठरलं.

१० जानेवारी

रात्रभर जुनंच डोक्यात. लिहून टाकते म्हणजे बाहेर तरी पडेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा धाकटा शाळेत जायचा, शेंबूड ओढत. सासूबाई आधीच गेलेल्या. नात्याने दीर, पण पोरासारखा वाढवला. त्याचे डबे मी केले. गोवर आला तेव्हा उशाशी मी बसले. गणितात नापास झाला तेव्हा भावाच्या माराला आडवी मी गेले. ‘वहिनी, वहिनी’ करत पदर धरून हिंडायचा.

माझा नवरा गेला तो सकाळी, धक्क्यावर जाळं वाळत घालताना. बसला, आडवा झाला, संपलं. त्याचा सोसायटीतला वाटा माझ्याकडे यायला हवा होता. त्यांनी सभा घेतली आणि नियम काढला — जो पाण्यात जाळं टाकतो त्यालाच वाटा. बाई जाळं टाकत नाही म्हणे. ती जाळी विणली कोणी? फाटली तेव्हा सांधली कोणी? हात वर करून मतं घेतली. पहिला हात धाकट्याचा! त्या सदऱ्याचं बटण आदल्याच आठवड्यात मी लावलं होतं.

वाटा त्याला. होडी त्याला. मी लेकीला घेऊन बाहेर पडले ती मागे वळून पाहिलं नाही. सरकारी मत्स्यबीज केंद्रात टाक्या घासल्या. घासता घासता बघितलं, बघता बघता शिकले. आता कोल्ड स्टोरेजच्या मागे माझं स्वतःचं केंद्र आहे. जिऱ्याएवढी पिल्लं आणते, बोटाएवढी करून विकते. बोटुकली म्हणतात त्यांना. सोसायटीतले सगळे माझ्याकडूनच नेतात. धाकटा स्वतः कधी येत नाही, माणूस पाठवतो.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. त्याने माशांच्या वहिनीशी केलंय.

१८ जानेवारी

दिलं मत. वाघमाशाला!

ठासून सांगितलं. हा मासा मुख्यतः दुबळे, आजारी मासे उचलतो, त्याने तळं उलट निरोगी राहतं. सुरुवातीला फक्त वरच्या तळ्यात सोडू. तिथून खाली पाणी जातं त्या पाटाला जाळी ठोकली की खालच्या तळ्याला धोका नाही. — पूर आला की जाळी कुठे आणि मासे कुठे, हे मला कळत नाही थोडंच. त्यासाठीच तर म्हटलं.

औषधांचे दुकानदार माना डोलावत होते. होड्या बांधणारा सुतारही. माशातलं त्या दोघांना माझ्याकडून जे कळतं तेवढंच कळतं. मत्स्यखात्याचे साहेब पेन फिरवत म्हणाले, अभ्यास व्हायला हवा. त्यांना जेवतानाही अभ्यास हवा असेल. शेवटी ठरलं की थोडी पिल्लं बंद टाकीत वाढवून पाहायची. कोणी? मीच. नाहीतर कोण!

उठताना धाकटा जवळ आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

“वहिनी, हे खरं नाही. तुम्हाला ठाऊक आहे.”

मी चष्मा घरात ठेवला — चष्म्याच्या घरात — आणि चालू लागले. जिना उतरताना पाय हलके झाले होते.

२० जानेवारी

झोप छान लागली. किती वर्षांनी!

२५ जानेवारी

लेक आली होती. हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे माणसाच्या आत काय चाललंय ते आपल्यालाच दिसतं असं तिला वाटतं. कानावर आलंच होतं तिच्या. ती काकाकडे जाते, मला माहीत आहे. जाऊ दे. मी अडवलं नाही कधी. विचारलंही नाही कधी.

भाजी चिरताना म्हणाली, “आई, मत देताना तुला तळं दिसतं की काका?”

मी म्हटलं, तळं.

ती हसली. पुढे काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं अगदी बापासारखं आहे. अंगावर येतं.

३ फेब्रुवारी

पिल्लं आली. साहेबांनी खात्याच्या गाडीतून पाठवली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवा भरून. कोपऱ्यातल्या दोन टाक्या त्यांना दिल्या, वर जाळी ताणली, कारण हे उड्या मारतात.

बोटाएवढेच आहेत पण ऐट बघावी. बाकीची माझी पिल्लं झुंडीने फिरतात, हात दिसला की सगळी एकदम वळतात. हे वळत नाहीत. एकेकटे, पाण्यात काडी टोचून ठेवल्यासारखे स्थिर. आणि डोळा आपल्यावर.

आवडले मला.

९ फेब्रुवारी

वाघमासे रोज चाळावे लागतात. एखादा भावंडांपेक्षा जरा मोठा झाला की आधी भावंडांनाच खातो. सकाळी जाळी उचलली तर एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर. मोठे एका टाकीत, लहान दुसऱ्या टाकीत केले.

हे चाललं असताना दारात जाऊ उभी. धाकट्याची बायको. पायात चपला तशाच, आत यावं की न यावं. ‘ये’ म्हणाले नाही, तरी आली. म्हणाली, “ताई, यांना जेवण जात नाही. भांडण तुमचं आणि यांचं आहे. तळ्यावर बाकीचीही घरं आहेत.”

मी हात पाण्यातून काढले नाहीत. म्हटलं, त्या बाकीच्या घरांचेही हात वर गेले होते.

ती टाकीत बघत राहिली. मग डोळे पुसले आणि गेली. बिचारी तेव्हा लग्न होऊन आलीही नव्हती. पण बिचारीचं मी काय करू? धाकट्याला जेवण जात नाही — हे वाक्य मात्र दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखं घोळवलं.

१२ फेब्रुवारी

टोपीवाल्यांनी हॉटेलच्या दाराशी लाकडी वाघमासा टांगलाय. दात पांढऱ्या रंगाने रंगवलेत. सोसायटीचे लोक खालच्या तळ्यावर जाताना त्याच्यासमोरूनच जातात. वा!

१७ फेब्रुवारी

काय लिहू. 

आज बैठक. मागच्या बाकांवर सोसायटीतले लोक येऊन बसलेले. धाकटा बोलायला उभा राहिला. मी सरसावून बसले, म्हटलं आता रडेल, हात जोडील.

तो म्हणाला, “मी माझं मत बदलतोय. येऊ द्या वाघमासे.”

 पुढे म्हणाला, जाळ्याचे दिवस संपत आलेत. पोरं तळं सोडून शहरात चाललीत. त्यापेक्षा हौशी लोकांना होडीतून फिरवू, मासे कुठे लागतात ते दाखवू. मी टोपीवाल्यांशी बोललोय, होड्यांचं सगळं काम ते माझ्याकडे देणार आहेत.

टोपीवाल्यांनी उठून त्याला मिठी मारली. टोपी पडली! डोक्यावर एक केस नाही.

मागच्या बाकांवरून एक म्हातारा उठला, खिडकीशी गेला, बाहेर थुंकला आणि परत येऊन बसला. धाकटा मान खाली घालून कागदाची घडी घालत होता.

१८ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड!

मी याच्यासाठी खड्डा खणला आणि हा त्यात विहीर बांधून बसला. वाघमासे येणार — ह्याच्या होड्या चालणार. टोपीवाला गिऱ्हाईकं बसवणार — हा वल्हवणार. बाकीचे उपाशी मरतील आणि हा फोटो काढणाऱ्यांच्या मध्ये उभा राहून हसेल. आणि हे सगळं माझ्या मतावर! तेव्हाही आपल्याच माणसांच्या पाठीवर पाय देऊन वर चढला, आताही तेच. जित्याची खोड.

सूड सूड म्हणून जे शिजवलं ते ताटात वाढून त्याच्याच पुढ्यात ठेवलं मी.

नाही. हे होणार नाही.

१९ फेब्रुवारी

वाघमासे येणार नाहीत. एकसुद्धा नाही. मी मेले तरी येऊ देणार नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी औषधवाल्यांकडे गेले. डोकेदुखीची गोळी घेतली आणि म्हटलं, टाकीत पाळून पाहतेय, ते वाघमासे आजारी-बिजारी काही बघत नाहीत हो, दिसेल ते खातात. त्यांचे डोळे मोठे झाले. तिथून सुताराकडे. तो होडीच्या सांध्यात डांबर भरत होता. म्हटलं, पाटावरची जाळी पुरात टिकेल का रे? तो म्हणाला, बाई, पुरात मागच्या वर्षी पाटावरचा पूल टिकला नाही. मग तुम्ही कसं म्हणालात? — म्हटलं, माणूस चुकतो.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही महिन्याभरापूर्वी बरोबर उलट सांगितलं होतं. म्हटलं, अभ्यास चाललाय. 

गंमत अशी की खोटं सांगताना जेवढा जोर लावला होता तेवढा आता खरं सांगताना लावावा लागत नाही. आपोआप गळी उतरतं.

२७ फेब्रुवारी

धाकटा आला. इथे! केंद्रात!

मी लहान पिल्लांना खायला घालत होते. तो सरळ आत आला, वाघमाशांच्या टाकीवर वाकला. केस पांढरे झालेत त्याचे. कानाच्या मागे डांबराचा डाग. बराच वेळ बघत राहिला. मी ‘बस’ म्हटलं नाही, ‘काय काम’ही म्हटलं नाही.

मग त्यानेच सुरुवात केली. अगदी थंडपणे. “वहिनी, दारोदार फिरून काही होणार नाही. मासे येणार. माझी होडी रंगवून तयार आहे.”

मी म्हटलं, बघू.

“बघायचं काय त्यात? लोकांना कागदावरचे आकडे कळत नाहीत, भाषण कळत नाही. टोपीवाल्यांचा लाकडी मासा तेवढा कळतो.” टाकीकडे बोट केलं. “हे इथे कोपऱ्यात झाकून ठेवलंय तेच आमच्या फायद्याचं. हे जेवताना कोणी पाहिलं, तर एक माणूस मत देणार नाही. पण तुम्ही बसा इथे, पाव चमचा खाणं मोजत.”

पाव चमचा! मला! ज्याला मी चमच्याने भरवलं तो!

हातातला मग फेकणार होते. त्याने तेवढं ऐकवलं आणि गेला. दारात वाकावं लागतं त्याला, उंच आहे. भावासारखाच वाकतो, आधी डावा खांदा.

आता बघ तू. कोपऱ्यात झाकून ठेवलंय काय? बाहेर काढते. भर सभेत काढते.

२८ फेब्रुवारी

काचेची टाकी मिळाली. शोभेचे मासे विकणाऱ्याने उसनी दिली. सुतार टेम्पोतून नेईल. सगळ्यात मोठा वाघमासा वेगळा काढलाय. वीतभर झालाय. उपास सुरू.

६ मार्च

जाहीर सभा झाली. सगळं नीट लिहिते, कारण पुन्हा पुन्हा वाचणार आहे.

शाळेचा हॉल. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. आधी टोपीवाले बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली — हसणारी माणसं, हातात मासे. टाळ्या पडल्या. मग धाकटा बोलला. चाचरत, अडखळत, पण बोलला वाघमाशाच्याच बाजूने. त्याच्या सोसायटीतले लोक पाठ फिरवून बसले होते. अक्षरशः, खुर्च्या वळवून.

माझी पाळी आली. मी भाषण केलं नाही. टाकीवरचं फडकं काढलं.

तो मधोमध उभा होता, हलत नव्हता. मी खालच्या तळ्यातली बारीक रुपेरी मासळी एका बरणीत आणली होती. त्यातली चार-पाच सोडली. ती एकमेकींना चिकटून कोपऱ्यात गेली. काही झालं नाही. कोणीतरी हसलं. टोपीवाले म्हणाले, पाहिलंत, गरीब आहे बिचारा.

आणि मग पाणी फाटलं. मला स्वतःला नीट दिसलं नाही इतक्या चटकन. एक मासळी आडवी त्याच्या तोंडात, दोन्ही बाजूंनी फडफडतेय, आणि तो शांतपणे तिला फिरवून डोक्याकडून आत घेतोय. शेपटी बाहेर राहिली. ती गिळून व्हायच्या आत दुसरी धरली. मग तिसरी. पोट फुगलं, तिसरी गिळवेना, थुंकून टाकली. ती दोन तुकडे होऊन खाली बसली. भूक संपली होती, तरी चौथीच्या मागे गेला.

पहिल्या रांगेतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या. मी म्हटलं, हा अजून वीतभर आहे. हात पसरून दाखवलं — हा एवढा होतो.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, तुम्ही आधी म्हणाला होतात की हे आजारी मासे खातात.”

“तेव्हा पाळले नव्हते,” मी म्हटलं. “आता पाळलेत.”

समितीने तिथेच मतं घेतली. वाघमासे आणावेत असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. टोपीवाल्यांचा हात. आणि धाकट्याचा. बस्स! बाकी सगळे हात मांडीवर. औषधवाले तर हातावर बसले होते.

सोसायटीतल्या म्हाताऱ्यांनी येऊन माझे हात धरले. जो खिडकीतून थुंकला होता तो रडत होता. म्हणाला, ताई, आम्ही तुझं वाईट केलं आणि तू आमचं तळं राखलंस. मी मान खाली घातली. काय बोलणार? मी तळं राखायला गेले नव्हते. पण त्यांना सांगायची गरज काय!

८ मार्च

उरलेले वाघमासे साहेब बंद पिंपात घालून परत घेऊन गेले. सही दिली. टाक्या धुतल्या, वाळत टाकल्या. कोपरा रिकामा वाटतो. त्यांचं बरं होतं, जे खायचं ते समोर खायचे.

अध्यक्षबाईंनी घरी बोलावून चहा दिला. म्हणाल्या, स्वतःचा शब्द फिरवायला धैर्य लागतं. मी दोन कप प्यायले.

१४ मार्च

आज सोसायटीने सभेला बोलावलं. मला! त्या दिवसानंतर त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. काही बदललं नाही. तोच ओल्या दोऱ्याचा वास, तोच वजनाचा काटा, खिळ्यांना टांगलेले तेच कंदील. मी खुर्चीवर बसले. तेव्हा उभी होते.

विषय एकच. धाकट्याने आपल्या माणसांना विकलं, त्याला काढायचं. तो दाराशी उभा होता. बोलायला सांगितलं तर नको म्हणाला. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. एकही खाली नाही.

मग म्हातारा म्हणाला, त्याचा वाटा आणि होडी आता ताईंच्या नावे. त्या खऱ्या हक्कदार. जाळं टाकायचा तो नियम आजपासून रद्द. पुन्हा सगळे हात वर.

मी धाकट्याकडे पाहिलं. याच क्षणासाठी एवढी वर्षं काढली होती. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्याने चपला घातल्या आणि गेला.

फिट्टंफाट! व्याजासकट.

१५ मार्च

लेकीला फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, झालं का आता समाधान? मी म्हटलं, झालं. तिने विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, भूक नाही.

२१ मार्च

सकाळी होडीतून गेले. माझ्या होडीतून! जाळं म्हाताऱ्याच्या मुलाने टाकलं, मी ओढायला मदत केली. तळहात सोलवटले. बारीक मासळी आली, चिक्कार, उन्हात नुसती चांदी सांडल्यासारखी. सगळे म्हणाले, ताईंचा पायगुण.

परतताना मुद्दाम बर्फाच्या कारखान्याकडून आले. धाकटा तिथे कामाला लागलाय असं कळलं होतं. होताच. खांद्यावर गोणपाट, आकड्याने बर्फाची लादी ओढत होता. कोणी बोलत नव्हतं त्याच्याशी. चहाच्या सुट्टीत बाकीचे एका बाजूला, हा एका बाजूला.

फाटकाशी उभी राहून बघितलं. मन भरेपर्यंत बघायचं ठरवलं होतं. मन भरायच्या आधीच निघाले, ऊन फार होतं.

२९ मार्च

जाऊ आली होती. बसली नाही. म्हणाली, यांनी शपथ घातलीय पण आता बघवत नाही.

फेब्रुवारीतल्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तो तिला म्हणाला होता, “मी ‘हो’ म्हटलं की वहिनी ‘नाही’ म्हणणार. त्याशिवाय तळं वाचत नाही.” माझ्याकडे येऊन पाव चमच्यावरून टोचून गेला तेही ठरवून. टाकी सभेत जावी म्हणून.

मी म्हटलं, मग शेवटी तरी हात खाली ठेवायचा. मतं पुरेशी होती.

ती म्हणाली, “ते म्हणाले, मी हात खाली ठेवला असता तर वहिनींनी तिथल्या तिथे वर केला असता.”

केला असता.

पहिला हात त्याने माझ्याविरुद्ध वर केला, ते माफ नाही. ते वेगळं. पण सोसायटीत जाऊन हे सांगायला हवं. सांगितलं की होडी त्याची त्याला, आणि मी पुन्हा बाहेर.

सांगणार आहे. सोमवारी सांगेन. तोपर्यंत ओढू दे बर्फ.